पाचवा विषय राबाचा

विषय निवडायचे म्हणजे नक्की काय करायचं, हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. आम्हाला विषय नेमून मिळतात. शाळेत मिळाले, कॉलेजातही मिळाले, आणि मिळाले ते मी मुकाट्याने घोकले. त्यामुळे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका सत्रासाठी परदेशी विद्यापीठात जायला माझी निवड झाली, आणि तिकडून विषयांची यादी आली, तेव्हा मी ती मोबाईलवर उघडली आणि अंगठा दुखेपर्यंत सरकवत बसले. यादी काही संपेना.

पडवीत आई तांदूळ निवडत होती. वहिनी तिच्यासमोर बसून लसूण सोलत होती. मी एकेक नाव मोठ्याने वाचून मराठीत सांगायचे आणि दोघी त्यावर निकाल द्यायच्या.

"बर्फाचा इतिहास," मी म्हणाले.

"फ्रिज उघड, दिसंल," आई म्हणाली.

"जंगलातल्या पक्ष्यांचे आवाज."

"त्याला कशाला इमानात बसायचं? पाटं उठत जा जरा लवकर."

वहिनी लोधिवलीची. लग्न होऊन आली त्याला तेव्हा वर्ष झालं होतं. ती हसून हसून लसणीची सालं उडवत होती. मला मात्र हसू येत नव्हतं, कारण हातात चार दिवस होते. पाच विषय हवेत, ते आमच्या कॉलेजच्या पाचव्या सत्राच्या विषयांशी जुळायला हवेत, आणि त्यांच्या वेळा एकमेकींवर आदळायला नकोत. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत पाचही विषय भरून अर्ज गेला नाही, तर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या मुलीला. हे आमच्या मॅडमनी इतक्या वेळा सांगितलं होतं, की मला झोपेतसुद्धा शुक्रवार दिसायचा.

मॅडम म्हणजे कॉलेजात हे परदेशी अर्ज सांभाळणाऱ्या प्राध्यापिका. कर्जत गावातल्या जुन्या घरातल्या. आजोबांपासून घरात मास्तरकी. बोलणं एकदम शुद्ध, आणि चूक दिसली की चष्मा काढून तुमच्याकडे नुसतं बघायच्या. त्यांनी माझ्याशेजारी बसून चार विषय जुळवून दिले. पाण्याचा एक, वनस्पतींचा एक, आकडेमोडीचा एक आणि नकाशे वाचण्याचा एक. राहिला मृदाशास्त्राच्या जागी घ्यायचा पाचवा. मातीवरचा, मला झेपेल असा, त्या अख्ख्या यादीत एकच विषय होता, 'आग आणि माती'.

नाव वाचलं आणि माझा चेहरा पडला. मॅडमना वाटलं, विषय अवघड आहे म्हणून. मी खरं कारण सांगितलं नाही.

खरं कारण म्हणजे राब. भाताचं रोप ज्या वाफ्यात करायचं, तो वाफा आमच्याकडे पेरणीआधी भाजून घेतात. खाली शेण, त्यावर झाडांचा तोडून वाळवलेला टहाळ, त्यावर पालापाचोळा आणि गवत, आणि सगळ्यांत वर चाळलेल्या मातीचा पातळ थर. मग चैत्र-वैशाखात कधीतरी तो पेटवायचा. आमच्या घरात राबाला चूड लावायचा मान शेंडेफळाचा. म्हणजे माझा. चूड म्हणजे पेंढ्याची बांधलेली मशाल. पहिलीत होते तेव्हापासून ती मीच लावत आले, आणि दर वर्षी तो सगळा धूर माझ्याच तोंडावर यायचा. डोळे चोळत, नाक पुसत घरी यायचे. बाबा मला नेमके धुराच्या बाजूलाच का उभं करतात, याचा मला मनातून राग होता. पण विचारलं कधी नाही.

मग मी कॉलेजात गेले आणि पहिल्याच वर्षी पुस्तकात एक धडा आला, जमीन भाजल्याने काय काय नुकसान होतं त्याचा. मला काय, आयतं कोलीतच मिळालं. त्याच फाल्गुनात दादाच्या लग्नाचं बोलायला लोधिवलीचे पाव्हणे आले. पडवीत चहा चालला होता. बाबा साजगावच्या एका कारखान्यात बॉयलरवर आहेत, शेती पाळी सांभाळून करतात, आणि तसे कमी बोलतात. पण त्या दिवशी खुलले होते. यंदा राब कसा रचलाय, टहाळ कुठून आणला, हे वहिनीच्या वडिलांना हाताने दाखवून सांगत होते. आणि मी, ट्रे हातात घेऊन उभी असलेली मी, मध्येच म्हणाले, "राब भाजणं म्हणजे निव्वळ अडाणीपणा आहे. माती मरते त्याने. आमच्या पुस्तकात लिहिलंय."

पाव्हण्यांच्या हातातली बशी तशीच राहिली. आईने माझ्याकडे असं बघितलं की ट्रे हातातून पडायचाच बाकी होता. बाबा हसले. म्हणाले, "आसंल. शिकतेय ती, तिला जास्त कळतं." आणि त्यांनी आंब्याच्या मोहोराचा विषय काढला.

पुढे दादाचं लग्न झालं, घर भरलं, कुणी त्या बोलण्याची आठवणसुद्धा काढली नाही. मी तर विसरलेच. फक्त त्या वर्षी राब कधी पेटला ते मला कळलं नाही. कॉलेजातून आले तर वाफा काळा झालेला. विचारलं, तर बाबा म्हणाले, "तुला अब्यास आसतो." मला तेव्हा बरंच वाटलं, धूर चुकला म्हणून. किती मूर्ख असावं माणसाने.

तर 'आग आणि माती' या विषयाला जागा थोड्या, आणि तिथले प्राध्यापक प्रत्येकाकडून एक पान मागत होते. तुम्ही स्वतः पाहिलेली, जमिनीवर आग वापरण्याची एखादी पद्धत लिहा, पुस्तकातलं उतरवू नका, असं साधं मागणं. ते पान पसंत पडलं तरच विषय मिळणार, विषय मिळाला तरच अर्ज पुरा होणार.

मी म्हटलं, हात्तिच्या, राबच लिहू. सोमवारी अर्ध्या तासात पान खरडलं. पारंपरिक पद्धत, अशास्त्रीय, मातीतल्या जिवांचा ऱ्हास वगैरे. मध्ये एक वाक्य भारी टाकलं, की पेटवण्यापूर्वी शेतकरी चिमूटभर धूळ हवेत उधळून शेताच्या देवतेचा विधी करतो. हे मी लहानपणापासून बघितलेलं. बाबा वाफ्याच्या कडेला उभे राहून मूठ वर करायचे, धूळ सोडायचे, क्षणभर गप्प राहायचे. मी पण बाजूला हात जोडून उभी राहायचे.

मंगळवारी मॅडमनी पान वाचलं. चष्मा काढला.

"हा विधी कुठल्या देवतेचा गं?"

"शेताच्या असेल मॅडम."

"असेल म्हणजे? तू विचारलं नाहीस कधी?"

मी 'नाही' म्हणून मान हलवली.

"बरं. एवढा वाळलेला पालापाचोळा पेटवता, मग शेजारचं गवत का पेटत नाही?"

दहा-बारा वर्षं स्वतःच्या हाताने राब पेटवलाय मी, आणि शेजारचं गवत का पेटत नाही, हे मला सांगता येईना.

"हे पान मी पाठवणार नाही," मॅडम म्हणाल्या. "हे पुस्तकातलंच आहे, फक्त तुझ्या अक्षरात. वडील शेती करतात ना? त्यांना विचार आणि गुरुवारी नवीन आण."

खोपोलीपर्यंत एसटीत मी मनातल्या मनात मॅडमना यथेच्छ शिव्या दिल्या. यांना काय कळतंय शेतीतलं, यांनी कधी भाताचं रोप हातात धरलंय का, असं बरंच काही. खोपोली आली तेव्हा लक्षात आलं, की प्रश्न दोन्ही चांगले होते, आणि उत्तर देणारा माणूस एकच आहे, आणि त्याला मी पाव्हण्यांसमोर अडाणी म्हटलंय.

बाबा पहिली पाळी करून आले. पाय धुतले, पाणी प्यायले. मी टॉवेल देत म्हणाले, "बाबा, राबाचं जरा सांगा ना. कॉलेजात लिहून द्यायचंय."

"मी काय सांगू?" ते म्हणाले. "तुज्या पुस्तकात लिवलंय की."

टोमणा मारला असता तर मी भांडले असते. भांडण मला जमतं. पण त्यांनी ते अगदी सरळ म्हटलं. दुखणं असेल तर डॉक्टरला विचार, असं सांगावं तसं. टॉवेल खांद्यावर टाकला आणि जेवायला बसले. मला पहिल्यांदा कळलं, की गेलं वर्षभर हा माणूस माझ्याशी पाऊस, भात, बैल, बांध, कशाविषयी म्हणून एक शब्द बोललेला नाही. कॉलेज, एसटी, जेवलीस का, एवढंच.

मोरीत भांडी घासताना मी वहिनीला सगळं सांगितलं. सांगताना रडले. वहिनी भांडं विसळता विसळता थांबली.

"तुला एक सांगू का?" ती म्हणाली. "त्या दिवशी परत जाताना गाडीत आमची आई लई चिडली हुती. पोरगी आगाऊ हाय म्हणत हुती. तर आबा म्हनले, पोरीनं बापाला बोलू नाय दिलं, पन बापानं पोरीला बोलू दिलं. चारचौघांत आवाज नाय चढवला. त्या घरात माजी पोरगी सुखात राहील. मग म्हनले, होकार कळवू."

मी घासत होते ते पातेलं खाली ठेवलं.

"म्हंजे तुज्या त्या वाकड्या बोलन्यानं मी ह्या घरात आली," वहिनी म्हणाली. "आता जा. शेतावर गेलेत ते."

बाबा राबाच्या वाफ्यापाशी टहाळ सारखा करत होते. यंदाचा राब अजून पेटायचा होता. मी बांधावर उभी राहिले. काय बोलायचं ते वाटेत जुळवलं होतं, ते सगळं गेलं.

"बाबा, त्या दिवशी पाव्हण्यांसमोर मी बोलले ते चुकलं माझं."

ते फांदी सरळ करत राहिले. "पुस्तकातलं बोललीस. पुस्तक काय चुकतंय व्हय."

"पुस्तकाचं नाही बोलत मी. माझं चुकलं."

"बरं बरं," ते म्हणाले. "त्याला झाले की लई दिवस." मग हात झटकले. "उद्या फस्ट शिप्ट हाय. तीनला सुटतो. तू चूड बांधून ठेव."

बुधवारी दुपारी मी तीन वेळा चूड बांधली आणि तीन वेळा सोडली. हात विसरले होते. शेवटी आईने बांधून दिली आणि वर म्हणाली, "हे तिकडं शिकवत्याल का बग." चारच्या सुमारास बाबा आले. मी वही-पेन घेऊन तयार. वाफ्याच्या चारी बाजूंचं हातभर रुंद गवत खरवडून माती उघडी केलेली होती. ते मी लहानपणापासून बघत आले होते, पण कशासाठी ते त्या दिवशी वहीत लिहिताना समजलं. आग तिथे येऊन थांबते. मॅडमचा अर्धा प्रश्न सुटला.

मग बाबांनी चिमूटभर धूळ उचलली, हात वर केला आणि सोडली. मी सवयीने हात जोडले. मग पेन सरसावून विचारलं, "बाबा, हा विधी कुठल्या देवाचा?"

बाबा माझ्याकडे बघायला लागले. "कसला इधी?"

"ही धूळ उधळता ती. मी त्याच्यावर एक वाक्य लिहिलंय."

आधी त्यांना कळलंच नाही. मग कळलं, आणि ते असे हसायला लागले की खाली बसले. हसता हसता खोकला आला. बांधापलीकडून आई आणि वहिनी बघत होत्या, त्यांना ओरडून सांगितलं, "आगं, हिनं वाऱ्याची पूजा लिवली! वारा कुनीकडं जातो ते बघतो मी, येडे. धूळ जाईल तिकडं वारा." वर्षभरात मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली आणि इतकं बरंही वाटलं, की मीही मटकन बसले आणि हसले. इतकी वर्षं मी वाऱ्याला नमस्कार करत होते आणि घरात कुणालाही त्याचा पत्ता नव्हता.

मग ते सांगायला लागले, आणि मी लिहायला. वारा ज्या बाजूने येतो तिकडून चूड लावली तर आग पळत सुटते. वरचा पाला भुर्रकन जळतो आणि खालची माती कच्चीच राहते. म्हणून वारा जिकडे जातो त्या टोकाला लावायची. मग आगीला वाऱ्याच्या उलट जावं लागतं. ती पळत नाही, रांगते. रांगत गेली की ऊब खाली उतरते, तणाचं बी मरतं, किडे मरतात, आणि रोप असं येतं की लावणीला उपटताना मूळ सळकन सुटतं.

"मग मला नेहमी धुरातच का उभं करायचात?" मी विचारलं. लहानपणापासूनचा राग होता, म्हटलं निघू दे.

"त्या अंगाला धूर येनारच तोंडावर," बाबा म्हणाले. "पन आग आपल्यापास्नं लांब जाते. तू एवढीशी हुतीस. उलट्या अंगाला उभी केली आसती तर आग तुज्याकडंच रांगत आली आसती, आन वारं फिरलं आसतं तर?"

मी वहीत खाली बघून काहीतरी लिहीत राहिले. काय लिहिलं होतं ते नंतर मलाच वाचता आलं नाही. मग त्यांनी चूड पेटवून माझ्या हातात दिली आणि खांद्याला धरून मला उभं केलं, त्याच कोपऱ्यात. धूर तोंडावर आला. मी डोळे पुसले, आणि त्याला निमित्त होतं हे बरं झालं.

आग अर्ध्यावर आली तेव्हा मी विचारलं, "पण माती खरंच मरते का हो?"

"वरची बोटभर भाजते. खाली गांडुळं आसतात तशीच. वाफाच तेवढा भाजतो आपन, आख्खं शेत थोडंच भाजतो." मग ते म्हणाले, "टहाळापायी नुकसान व्हतं, ते मातूर तुजं पुस्तक खरं बोलतं. पयले ऐनाची झाडं इथं जवळ हुती. आता लई लांब जावं लागतं."

मी तेही लिहिलं. त्या संध्याकाळी पान नव्याने लिहायला बसले, तर एकाची दोन पानं झाली. कापून कापून एक केलं. धुळीच्या विधीचं वाक्य काढून टाकलं, आणि मी ते आधी लिहिलं होतं हे लिहिलं. गुरुवारी मॅडमनी पान दोनदा वाचलं. एका ठिकाणी स्वल्पविराम घातला. "आता पाठवते," म्हणाल्या. मग चष्मा न काढता म्हणाल्या, "वडिलांना माझा नमस्कार सांग."

शुक्रवारी दुपारचं जेवण गेलं नाही. अडीच वाजले, तीन वाजले. मॅडम मला दिसू नये अशा बेताने घड्याळ बघत होत्या, पण मला दिसत होतं. साडेतीनला उत्तर आलं. विषय दिला आहे. खाली प्राध्यापकांचा एक प्रश्न होता, की तुमच्या वडिलांनी कधी वाफ्याचा एखादा तुकडा न भाजता ठेवून, दोन्हींतलं रोप शेजारी शेजारी बघितलंय का. नसेल तर ते बघायला मला आवडेल, असं लिहिलं होतं. पाचव्या रकान्यात विषयाचं नाव भरलं, मॅडमनी सही केली, आणि चार वाजून दहा मिनिटांनी अर्ज गेला. मी मॅडमना वाकून नमस्कार केला आणि त्यांनी मला उठवत, "पुरे, एसटी चुकेल," म्हटलं.

घरी आले. आईने देवापुढे साखर ठेवली. बाबा ओट्यावर बसले होते. मी शेजारी बसून त्यांना तो प्रश्न मराठीत सांगितला. त्यांनी तो पुन्हा एकदा सांगायला लावला.

"शिकलेला मानूस आसून मला इचारतो व्हय?"

"तुम्हालाच विचारलंय."

त्यांनी शेताकडे हात केला. "एक वाफा राहिलाय पलीकडं," म्हणाले. "तो नाय भाजत ह्या साली. तसाच पेरू. तू जाशील तवर लावनी व्हईल. दोनी रोपं बघून जा, काय ती लिवून घे."

"आणि तिकडे शिकून आल्यावर?" मी विचारलं. भीतभीतच विचारलं. "तिकडे म्हणाले, की भाजणं वाईटच, तर?"

"तर मला सांग. मी सोडून देईन." बापजाद्यांपासूनची गोष्ट, पण त्यांनी लगेच सांगितलं. मग त्यांनी आवाज खाली घेतला. आत आई आणि वहिनी होत्या, त्यांना ऐकू जाऊ नये एवढा.

"पन घरात सांग," बाबा म्हणाले. "पाव्हन्यांच्या देखत नको."